आखडलेले तोंड आणि स्टेरॉइडची सुई

कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे दंतवैद्यकात आली ती १९५० नंतरच्या दशकात. युरोप-अमेरिकेत त्यांचा उपयोग दाताच्या गाभ्यातला ठणका, जबड्याच्या सांध्याची सूज आणि अक्कलदाढ काढल्यावर सुजणारा गाल यांसाठी सुरू झाला. महाराष्ट्रात हे सगळे झालेच, पण इथल्या दंत महाविद्यालयांत स्टेरॉइडची सुई सर्वाधिक टोचली गेली ती एका वेगळ्याच आजारासाठी. त्याचे वैद्यकीय नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. रुग्ण मात्र ‘तोंड उघडत नाही’ एवढेच सांगत येतो. या आजारात गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचा थर साचत जातो. अस्तर पांढुरके व ताठर होते, आमटी-कालवणाने आग होऊ लागते आणि पुढे गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. निरोगी प्रौढाने पूर्ण तोंड उघडले की पुढच्या वरच्या-खालच्या दातांत साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर अंतर राहते. या रुग्णांत ते वीसवर येते, कधी दहावर. मग घास भरवायला चमचाही आडवा धरावा लागतो. या आजाराचे कारण सुपारी.

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात सुपारी खाण्यासाठी असतेच, पण तिला त्याहून मोठा मान असतो. गाऱ्हाणे घालायचे तर देवापुढे नारळाबरोबर विडा ठेवावा लागतो. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानासाठी कुणकेश्वरला येतात, तेव्हाही मानपान विड्यानेच होतो. लग्न ठरले की सुपारी फुटते, पाहुणा आला की पानाचा डबा पुढे सरकतो, आणि ज्या परसात पाण्याची सोय आहे तिथे माडांच्या सावलीत पोफळी उभ्या असतात. ज्या वस्तूला देवाच्या पायरीवर स्थान आहे तिच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहायला समाज सहजी तयार होत नाही. डॉक्टरही त्याच समाजातले असतात. सुपारीवर बोट ठेवायला वैद्यकाने जो वेळ घेतला, त्यामागे हेही एक कारण असावे.

लक्षणे मात्र जुनीच होती. सुश्रुतसंहितेतील मुखरोगांत ‘विदारी’ म्हणून जो विकार येतो तो हाच, असे आजचे अनेक दंतवैद्य मानतात. ते मान्य केले किंवा न केले, तरी आधुनिक वैद्यकातील पहिली स्पष्ट नोंद भारताबाहेरची आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील हा बदल वर्णन केला आणि त्याला लांबलचक लॅटिन नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या खांबांच्या फायब्रोसिसवर निबंध लिहिला. ‘सबम्यूकस’ म्हणजे अस्तराखालचा, हे आज रूढ असलेले नाव त्यांच्याच लेखनाकडे नेले जाते. १९५४ मध्ये तैवानमधून सू यांनी तसेच रुग्ण नोंदवले. केनियातले भारतीय, मुंबईकर आणि तैवानी यांच्यात सामाईक काय, हा प्रश्न आज सोपा वाटतो. त्या वेळी कुणी जीवनसत्त्वांच्या अभावाकडे बोट दाखवले, कुणी रक्तक्षयाकडे, तर पुष्कळांनी मिरचीकडे.

जोशींचा निबंध आला त्याच सुमारास एक नवे औषध जगभर गाजत होते. अमेरिकेत मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून काही संयुगे वेगळी केली होती. त्यांतल्या ‘संयुग ई’चे पहिले इंजेक्शन फिलिप हेंच यांनी २१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला दिले. काही दिवसांत ती चालू लागली. हेच कॉर्टिझोन. केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. इतक्या थोड्या अवधीत नोबेलपर्यंत पोचलेली औषधे फार नाहीत.

अडचण होती ती किमतीची. मर्क कंपनीचे लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून कॉर्टिझोन बनवण्याची रीत बसवली होती, पण तिला तीसहून अधिक पायऱ्या होत्या आणि सुरुवातीला एका ग्रॅमला दोनशे डॉलर पडत. वाट मोकळी केली ती मेक्सिकोतल्या रानटी कंदाने आणि एका बुरशीने. कंदातील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन करता येते, आणि १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की रायझोपस जातीची बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या रेणूत नेमक्या जागी ऑक्सिजन बसवून देते. रसायनशास्त्रज्ञांना सर्वांत जड गेलेली पायरी बुरशीने सोडवली. (याच रायझोपसचे नाव या इतिहासात पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा ती उपकारकर्ती नसेल.) त्यानंतर किमती कोसळल्या आणि नवी रूपे झपाट्याने आली. हायड्रोकॉर्टिसोनपाठोपाठ १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन आले आणि दशक संपता संपता ट्रायॲम्सिनोलोन व डेक्सामेथासोन. वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे काम पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते. गालात टोचण्याच्या दृष्टीने याला महत्त्व होते, कारण थोड्या थेंबांत पुरेसे औषध मावू लागले.

दंतवैद्यांनी या औषधांना हात घालायला वेळ लावला नाही. १९५३ मध्येच अमेरिकेत हॉर्टन यांनी जबड्याच्या सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचल्याचे अनुभव छापले. १९६० मध्ये फ्राय, वॉटकिन्स आणि फाटक या त्रयीने उघड्या डेंटिनवर व गाभ्यावर स्टेरॉइड लावून कळ कमी होते असा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकी दंतवैद्यकाच्या त्या आरंभीच्या निबंधावर फाटक हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थांबतोच. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील आंद्रे श्रोडर यांनी ट्रायॲम्सिनोलोन आणि टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक मिसळून एक लेप केला. तो ‘लेडरमिक्स’ या नावाने बाजारात आला आणि रूट कॅनॉलच्या दोन भेटींमध्ये दातात भरण्यासाठी अजूनही वापरला जातो. तोंड आले की लावायचा ट्रायॲम्सिनोलोनचा चिकट लेप हे त्याच काळाचे अपत्य. पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजच्या मिश्रणात औषध घातल्याने ते ओल्या अस्तरालाही धरून राहते. भारतात ‘केनाकोर्ट’ नावाची त्याची छोटी ट्यूब तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोचली. ग्लॅक्सोची ‘बेटनेसॉल’ तर घराघरात माहीत झाली. तोंडातल्या लायकेन प्लॅनससाठी दंतवैद्य तिची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी पाण्यात विरघळवून चूळ भरायला सांगत. पेम्फिगस हा पुष्कळदा तोंडातल्या फोडांनी सुरू होणारा आजार कॉर्टिझोनपूर्वी बहुधा जीवघेणा ठरे. तिथे स्टेरॉइडने खरोखर जीव वाचवले, आणि १९८० च्या दशकात दिल्लीच्या जे. एस. पसरीचा यांनी डेक्सामेथासोनचे मोठे डोस महिन्यातून तीन दिवस देण्याची पद्धत रूढ करून या उपचाराला भारतीय वळण दिले.

सबम्यूकस फायब्रोसिसचा अभ्यास या काळात परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात चालू होता. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर भारतीय कर्करोग संशोधनाचे अध्वर्यू मानले जातात. त्यांचे आडनाव ज्या खानोली गावावरून आले ते वेंगुर्ल्याजवळचे, म्हणजे कुणकेश्वरच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांनी भारतात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्याचे काम उभे केले. १९५७ मध्ये दोघांनी या आजारातील टाळूचे सूक्ष्म चित्र जगापुढे ठेवले. कोलॅजनचे तंतू कसे बदलतात आणि सुरुवातीची दाहाची लक्षणे कशी ओसरून मागे निव्वळ ताठ थर उरतो, ते त्यातून दिसले. नंतर त्यांनी उंदरांच्या टाळूवर मिरचीतले कॅप्सेसिन लावून पाहिले आणि सुपारीतले अरेकोलिनही. १९६६ मध्ये सिरसाट यांनी कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग यांच्याबरोबर या आजारावर लिहिलेला आढावा पुढे कित्येक वर्षे आधार म्हणून उद्धृत होत राहिला.

उपचाराची कल्पना याच चित्रातून आली. सुरुवात दाहाने होत असेल आणि तंतू नंतर साचत असतील, तर दाह शमवणारे आणि तंतू बनवणाऱ्या पेशींना आवरणारे औषध थेट त्या जागी का घालू नये? स्टेरॉइड ही दोन्ही कामे करते. जोडीला हायल्युरोनिडेज नावाचे एन्झाइम आले. ते पेशींमधला चिकट पदार्थ पातळ करते आणि औषधाला पसरायला वाट देते. हायड्रोकॉर्टिसोन, मग ट्रायॲम्सिनोलोन, मग डेक्सामेथासोन, आणि त्यात १५०० युनिट हायल्युरोनिडेज व थोडे लिग्नोकेन असे मिश्रण दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ठरून गेले. काही ठिकाणी वारेच्या अर्काची इंजेक्शनेही दिली जात.

कागदावर सोपा वाटणारा हा उपचार प्रत्यक्षात रुग्णाची परीक्षा पाहणारा होता. तोंडच पुरते उघडत नाही, त्यात बारीक सुई गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या मागे, थोड्या थोड्या अंतरावर टोचायची. मऊ अस्तरात औषध सहज पसरते. तंतूंनी भरलेल्या अस्तरात दट्ट्या दाबूनही ते आत शिरत नाही, टोचलेली जागा पांढरीफटक पडते आणि पुष्कळ वेळा औषध सुईच्या बाजूने परत तोंडात येते. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सहा ते दहा आठवडे हे चालायचे. घरी करायला व्यायाम दिलेला असे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दाढांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी त्यांत एकेक काडी वाढवायची. काड्या वाढल्या की रुग्णाला स्वतःची प्रगती मोजता येई. एखाद्या विभागात स्टेरॉइडचे श्रेय वाजवीपेक्षा जास्त आणि काड्यांचे कमी धरले गेले असेल तर त्यात नवल नाही. देवगड-कणकवलीकडच्या रुग्णाला दंत महाविद्यालय गाठायचे म्हणजे मुंबई, नाहीतर कोल्हापूर किंवा गोवा. आठवड्याला दोन खेपा त्याला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि उपचार मध्येच सुटणे हा या पद्धतीचा कायमचा दोष राहिला.

१९८५ मध्ये दिल्लीच्या कक्कर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळी मिश्रणे तोलून पाहिली. नुसत्या हायल्युरोनिडेजने लवकर आराम पडतो, पण डेक्सामेथासोन जोडले तर परिणाम जास्त टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढची अनेक वर्षे पाठ्यपुस्तके तो सांगत राहिली. त्याला थेट हरकत आली ती १९९१ मध्ये, महाराष्ट्रातूनच. आर. एम. बोरले आणि एस. आर. बोरले यांनी ३२६ रुग्णांच्या अनुभवावरून लिहिले की वारंवार टोचलेली सुई स्वतःच एक जखम आहे आणि जखम भरताना नवे तंतू तयार होतात. जो थर विरघळवायचा त्यालाच सुई खतपाणी घालते. त्यांनी त्याऐवजी अ जीवनसत्त्व, लोहाच्या गोळ्या आणि वरून लावायचे बेटामेथासोन सुचवले. या वादाचा पूर्ण निकाल आजही लागलेला नाही. पण बोरले यांच्या आक्षेपानंतर ‘टोचा आणि पाहा’ ही सवय निदान प्रश्नाखाली आली, आणि या विषयातले हे सर्वांत प्रामाणिक लेखन म्हणायला हरकत नाही. १९९५ मध्ये मुंबईच्या खन्ना आणि अँड्राडे यांनी शंभर रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला. तोंड किती मिलिमीटर उघडते त्यावर त्यांनी आजाराच्या पायऱ्या पाडल्या आणि शेवटच्या पायऱ्यांवर पट्टे कापून टाळूचे अस्तर तिथे फिरवून बसवले. पुढे गेलेल्या आजारात स्टेरॉइडकडून काही होत नाही, हे त्या वर्गीकरणात न बोलता मान्य झाले होते. दाह ओसरून कोलॅजन पक्के झाले की स्टेरॉइडला काम उरत नाही. ते नवा तंतू रोखते, जुना मोडत नाही.

सुपारीचा दोष या काळात एकेक पुराव्याने सिद्ध होत गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांच्या नेतृत्वाखालील दंत संशोधन विभागाने पिंडबोर्ग यांच्यासह गावोगाव तोंडे तपासली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वेगवेगळ्या राज्यांतील ५०,९१५ ग्रामस्थ होते, तर १९७२ च्या महाराष्ट्राच्या पाहणीत १,०१,७६१. केरळच्या एर्नाकुलममध्ये हजारी चार जणांना हा आजार होता. महाराष्ट्राच्या खेड्यांत तो तेव्हा अगदीच विरळा सापडला. तिथली माणसे तंबाखू-चुना आणि मिश्री जास्त वापरत. एर्नाकुलमचे ६६ रुग्ण पुढे १७ वर्षे नजरेखाली ठेवले गेले आणि त्यांतल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. दरम्यान लंडनमध्ये कॅनिफ आणि हार्वे यांनी दाखवले की सुपारीतली अल्कलॉइडे तंतुपेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतात. सुपारीतल्या तांब्याचाही त्यात वाटा असल्याचे नंतर पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. मिरची आगीची तक्रार वाढवते, पण मूळ कारण ती नव्हे, एवढी तिची सुटका झाली.

महाराष्ट्राच्या खेड्यांत विरळ असलेला आजार मग वाढला कसा? उत्तर पुडीत आहे. पान लावायला पान, चुना, कात, अडकित्ता आणि थोडी सवड लागते. जेवणानंतर खाल्लेला विडा थुंकलाही जातो. १९७० च्या दशकानंतर आलेल्या पानमसाल्याने आणि पाठोपाठ गुटख्याने ही सगळी खटपट काढून टाकली. सुकी सुपारी अॅल्युमिनियमच्या पुडीत, एका रुपयात, शाळेच्या फाटकाबाहेर मिळू लागली. पानातली सुपारी खाणाऱ्यांत आजार उमटायला आठ-नऊ वर्षे लागत, पानमसाला खाणाऱ्यांत अडीच-तीन वर्षे पुरली, असे १९९६ मध्ये हैदराबादच्या एका अभ्यासाने नोंदवले. स्टेरॉइडच्या सुईसाठी रांगेत आता प्रौढांबरोबर विशीतली मुले उभी राहू लागली. २००७ मध्ये नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून व्ही. के. हजारे आणि सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते. श्वार्ट्झ यांचे पाचही रुग्ण स्त्रिया होत्या, हे लक्षात घेतले की आजार घरातल्या पानाच्या डब्याकडून टपरीकडे सरकल्याचे दिसते. विदर्भात त्याला खर्ऱ्याची जोड होती. कोकणात चाकरमानी मुंबईहून जी सवय घेऊन येत, तीच जत्रेतल्या टपरीवर आणि एस. टी. स्थानकावर लटकणाऱ्या माळांत दिसे.

राज्य सरकारने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली, पण असा आदेश राज्याच्या अधिकारात बसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द ठरवली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटिन घालण्याला मनाई केल्यावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली, आणि पुढच्या आदेशांत सुगंधी सुपारी, खर्रा व मावाही आले. माळा उतरल्या. पुड्या मात्र काउंटरखालून मिळत राहिल्या, आणि दंत महाविद्यालयांतले स्टेरॉइडचे दिवसही चालूच राहिले.

स्टेरॉइडची दुसरी बाजू दंतवैद्यांना लवकर कळली होती. बाहेरून हे औषध दीर्घकाळ मिळाले की शरीराची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी सुस्तावते. मग ताण आला, औषध बंद झाले, की रक्तदाब कोसळू शकतो. १९५२ मध्येच अमेरिकेत कॉर्टिझोन थांबवून शस्त्रक्रिया केलेला रुग्ण दगावल्याची नोंद झाली. त्यामुळे दात काढण्याआधी ‘दम्याच्या, सांध्याच्या गोळ्या चालू आहेत का’ हा प्रश्न विचारणे दंतवैद्यकात शिस्तीचा भाग झाला. दम्याचे स्टेरॉइड पंप वापरणाऱ्यांच्या तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात, म्हणून पंपानंतर चूळ भरण्याची सूचना आली. खेड्यात हा प्रश्न आणखी अवघड असतो. सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या पुडीत नेमके काय होते ते रुग्णाला सांगता येत नाही.

या धोक्याचे सर्वांत मोठे रूप २०२१ मध्ये दिसले. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की दिवसाला सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर ऑक्सिजनवरील कोविड रुग्णांचे मृत्यू कमी होतात आणि श्वसनयंत्रावरील रुग्णांत ते सुमारे एक तृतीयांशाने घटतात. स्वस्त, जुने, सर्वत्र मिळणारे औषध, त्यामुळे दुसऱ्या लाटेत ते ऑक्सिजन न लागणाऱ्यांनाही, पहिल्या दिवसापासून, जास्त प्रमाणात दिले गेले. मधुमेह आधीच होता, किंवा स्टेरॉइडने साखर चढली. अशा शरीरात म्यूकरमायकोसिसला वाट मिळाली. त्याला कारणीभूत बुरश्यांत रायझोपस प्रमुख आहे, म्हणजे ज्या कुळाने १९५२ मध्ये कॉर्टिझोन स्वस्त केले तेच. कोविडमधून घरी परतलेल्या माणसाचे वरचे दात अचानक हलू लागत, हिरडीतून पू येई, टाळूवर काळा डाग पडे. तक्रार दातांची, म्हणून पुष्कळ जण आधी दंतवैद्याकडेच गेले. दात काढला आणि जखम भरलीच नाही, तेव्हा संशय आला. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. देशात सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कुणकेश्वरच्या पट्ट्यातून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यातले बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई याच वाटा होत्या, आणि अॅम्फोटेरिसिन बी तर मोठ्या शहरांतही मिळेनासे झाले होते. जबडा-शल्यचिकित्सकांनी अनेकांचा वरचा जबडा काढून त्यांचा जीव वाचवला. त्या रुग्णांना टाळू झाकणाऱ्या कृत्रिम पट्ट्या आणि नवे दात बसवण्याचे काम दंत महाविद्यालयांत पुढे कित्येक महिने चालू होते.